परदेशात एमबीए करायचंय? कॉलेजच्या रँकिंगआधी व्हिसा आणि कर्जाचा हप्ता का तपासायला हवा?

हिंजवडीतल्या आयटी कंपनीत काम करणारा २८ वर्षांचा इंजिनीअर. पाच वर्षांचा अनुभव, जीमॅटचा चांगला स्कोअर आणि हातात तीन ऑफर लेटर. एक अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएचं, एक फ्रान्समधल्या दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचं आणि एक ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या कोर्सचं.

घरात चर्चा सुरू होते. "यातलं सगळ्यात मोठं कॉलेज कोणतं?" वडील विचारतात. मुलगा रँकिंगची यादी उघडून दाखवतो. त्याच आठवड्यात बँकेतून फोन येतो. कर्जासाठी फ्लॅटचे मूळ कागद आणि सहकर्जदार म्हणून वडिलांची सही लागणार असते.

हा मुलगा कल्पित आहे, पण ही चर्चा महाराष्ट्रातल्या अनेक घरांत दरवर्षी होते. सप्टेंबर आणि जानेवारी या बहुतेक बिझनेस स्कूलच्या अर्जांच्या दोन मोठ्या फेऱ्या. त्यानंतर ऑफर येतात आणि काही आठवड्यांत डिपॉझिट भरून जागा पक्की करावी लागते. ७० लाख ते एक कोटी रुपयांचा निर्णय अशा घाईत घेतला जातो आणि तो घेताना सगळ्यात जास्त वजन मिळतं ते रँकिंगला.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या चारही देशांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे नियम बदलले आहेत. त्यामुळे कोणतं कॉलेज चांगलं, याच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. त्या देशात नोकरी मिळाली नाही किंवा मिळूनही राहता आलं नाही, तर हप्ता कोण आणि कशातून भरणार?

२०२५ मध्ये नेमकं काय बदललं?

अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वाधिक संख्या भारतीयांची आहे. 'ओपन डोअर्स' अहवालानुसार २०२४-२५ या वर्षात ती ३ लाख ६३ हजारांवर होती. पण त्याच अहवालासोबत आलेल्या पाहणीत २०२५ च्या शरद सत्रात नव्याने दाखल झालेल्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

त्यामागे त्या वर्षातल्या घडामोडी आहेत. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं काही आठवडे थांबवलं. नंतर ते सुरू झालं, पण अर्जदारांच्या सोशल मीडिया खात्यांची तपासणी कडक झाली.

त्याच मे महिन्यात अमेरिकी सरकारने हार्वर्ड विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा अधिकारच काढून घेतला. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली, पण जगातलं सगळ्यात मोठं नावसुद्धा विद्यार्थ्याला सरकारी निर्णयापासून वाचवू शकेलच असं नाही, हे त्यातून दिसलं.

१९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावणाऱ्या आदेशावर सही केली. हे शुल्क कंपनीने भरायचं आहे. अमेरिकेत आधीपासून असलेल्या आणि तिथूनच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये करण्यात आला. त्यामुळे अमेरिकेत एमबीए करणाऱ्यांना काहीसा दिलासा मिळाला. तरीही लॉटरीचा अडथळा उरतोच.

रँकिंग काय सांगतं आणि काय सांगत नाही?

फायनान्शियल टाइम्स, क्यूएस, ब्लूमबर्ग बिझनेसवीक आणि यूएस न्यूज यांच्या याद्या सर्वाधिक पाहिल्या जातात. प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी आहे. यूएस न्यूजच्या यादीत फक्त अमेरिकेतली कॉलेजं असतात. त्यामुळे त्या यादीतल्या विसाव्या आणि फायनान्शियल टाइम्सच्या यादीतल्या विसाव्या क्रमांकाची तुलनाच होऊ शकत नाही.

फायनान्शियल टाइम्सच्या यादीत पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांचा पगार किती आणि तो एमबीएआधीच्या पगारापेक्षा किती वाढला, याला मोठं वजन असतं. हे पगार मोजताना त्या-त्या देशातली महागाई लक्षात घेऊन, म्हणजे क्रयशक्तीनुसार, रूपांतर केलं जातं. त्यामुळे भारतात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याचा पगार तिथे डॉलरमध्ये दिसताना बराच मोठा दिसतो. ते आकडे बँक खात्यात जमा होणाऱ्या रकमेचे नसतात.

रँकिंगसाठीची बरीचशी माहिती कॉलेजंच पुरवतात, हाही मुद्दा आहे. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूल ऑफ बिझनेसचा ऑनलाइन एमबीए यूएस न्यूजच्या यादीत सलग चार वर्षं पहिला होता. २०१८ मध्ये ही माहिती खोटी असल्याचं उघड झालं. तत्कालीन डीन मोशे पोराट यांना फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरवण्यात आलं आणि २०२२ मध्ये १४ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

मग रँकिंग पाहूच नये का? असंही नाही. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या आणि इन्व्हेस्टमेंट बँका ठरावीक कॅम्पसवरच भरतीला जातात. त्या क्षेत्रात जायचं असेल तर कॉलेजचं नाव निर्णायक ठरतं. पण दहाव्या आणि सोळाव्या क्रमांकातला फरक बहुतेक वेळा एखाद्या वर्षाच्या आकडेवारीचा असतो. त्यासाठी २० लाख जास्त मोजण्यात अर्थ नसतो.

कॉलेजचा किमान दर्जा तपासायचा असेल तर मान्यता पाहणं हा सोपा मार्ग आहे. एएसीएसबी, अँबा आणि इक्विस या जगभरातल्या बिझनेस स्कूलना मिळणाऱ्या तीन मान्यता आहेत. तिन्ही मान्यता असलेल्या कॉलेजांचं प्रमाण जगात साधारण एक टक्का आहे. निदान एकही मान्यता नसेल तर थांबून चौकशी करायला हवी.

प्लेसमेंट अहवाल कसा वाचायचा?

चांगली बिझनेस स्कूल दरवर्षी रोजगार अहवाल प्रसिद्ध करतात. त्यात पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात सरासरी पगार आणि नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी असते. खरी माहिती त्याच्या पुढच्या पानांवर असते. ती वाचताना चार गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, टक्केवारी कोणाची आहे? ती बहुतेक वेळा 'नोकरी शोधणाऱ्या' विद्यार्थ्यांची असते. जुन्या कंपनीत परतणारे, स्वतःचा व्यवसाय सुरू करणारे आणि नोकरी न शोधणारे यात धरलेले नसतात. शिवाय किती विद्यार्थ्यांनी माहिती दिली, हेही पाहावं लागतं.

दुसरी, कधीची आहे? पदवीच्या दिवशीची आणि तीन महिन्यांनंतरची, असे दोन आकडे साधारणपणे दिलेले असतात. बाजार मंद असला की दोन्हींत मोठं अंतर पडतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून २०२४ मध्ये पदवी घेतलेल्या आणि नोकरी शोधत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी २३ टक्क्यांना तीन महिन्यांनंतरही नोकरी नव्हती. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्के होतं.

तिसरी, परदेशी विद्यार्थ्यांचे आकडे वेगळे दिलेत का? अमेरिकेतल्या अनेक अहवालांत कायमस्वरूपी कामाची परवानगी असलेले आणि नसलेले, असे दोन गट स्वतंत्र दाखवलेले असतात. भारतीय विद्यार्थ्यासाठी दुसरा गट महत्त्वाचा. दोन्ही गटांत मोठी तफावत असेल, तर पहिल्या पानावरचा आकडा तुमच्यासाठी नाही.

चौथी, सरासरी की मध्यक? दोन-चार जणांना प्रचंड पगार मिळाला की सरासरी वर जाते. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. हिशोबासाठी तोच घ्यावा.

अहवालात तपशील नसेल तर कॉलेजच्या करिअर विभागाला थेट ईमेल करता येतो. 'गेल्या वर्षीच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी किती जण याच देशात नोकरीला लागले?' या साध्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर ते उत्तरही पुरेसं बोलकं असतं.

देश निवडला की नियमही निवडले जातात

अमेरिका: पदवीनंतर ओपीटी नावाच्या तरतुदीखाली १२ महिने काम करता येतं. अभ्यासक्रम 'स्टेम' प्रकारात मोडत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. आज अमेरिकेतल्या अनेक एमबीए अभ्यासक्रमांना किंवा त्यातल्या ठरावीक शाखांना हा दर्जा आहे, पण सगळ्यांना नाही. एकाच कॉलेजमध्ये एक शाखा 'स्टेम' असते आणि दुसरी नसते. प्रवेश घेण्याआधी हे लेखी विचारून घ्यायला हवं.

पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेरोजगार राहता येत नाही. म्हणजे पदवीनंतर घड्याळ सुरू होतं. त्यानंतर एच-१बीची लॉटरी असते. वर्षाला ८५ हजार व्हिसांची मर्यादा आहे आणि त्यातले २० हजार अमेरिकेतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी राखीव आहेत. २०२५ च्या वसंतात झालेल्या निवडीत सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदणींमधून सुमारे १ लाख २० हजार निवडल्या गेल्या. म्हणजे साधारण तीनात एक.

ओपीटी तीन वर्षांची असेल तर या लॉटरीत एकापेक्षा जास्त वेळा नशीब आजमावता येतं. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने लॉटरीचा नियमही बदलला. आता जास्त पगाराच्या पातळीवरच्या अर्जांना निवडीची जास्त संधी आहे. ही पातळी त्या पदासाठी, त्या भागात मिळणाऱ्या पगारांशी तुलना करून ठरते. त्यामुळे पगार दिसायला मोठा असला तरी त्या पदासाठी तो सुरुवातीचा असेल, तर फायदा मर्यादित राहतो.

ब्रिटन: ग्रॅज्युएट रूटखाली पदवीनंतर दोन वर्षं राहून काम करता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी हा काळ १८ महिन्यांवर येणार आहे. त्यानंतर थांबायचं असेल तर कंपनीने स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजक व्हावं लागतं. जुलै २०२५ पासून त्यासाठीची सर्वसाधारण किमान पगार मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. नव्याने पदवी घेतलेल्यांना यात सवलत आहे आणि त्यांच्यासाठी ती ३३,४०० पौंडांपासून सुरू होते. मात्र पदानुसार ठरलेला दर त्याहून जास्त असू शकतो.

आणखी एक बाब विवाहित अर्जदारांच्या लक्षात येत नाही. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये एमबीएसारख्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मुलांना सोबत नेता येत नाही.

कॅनडा: फेब्रुवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांना, अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा छोटा असला तरी, तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. याबाबतीत कॅनडाची तरतूद उदार आहे. दुसरीकडे विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली आहे आणि खात्यात दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली आहे. ही रक्कम फीव्यतिरिक्त आहे. कायमस्वरूपी वास्तव्याच्या अर्जात नोकरीच्या ऑफरला मिळणारे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकण्यात आले. म्हणजे काम करायला मिळेल, पण स्थायिक होता येईलच असं नाही.

ऑस्ट्रेलिया: इथे वयाची अट पाहावी लागते. जुलै २०२४ पासून पदवीनंतर कामासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाची सर्वसाधारण वयोमर्यादा ५० वरून ३५ वर्षांवर आली. एमबीएला जाणारे अनेक जण तिशी ओलांडलेले असतात. ३४ व्या वर्षी दोन वर्षांच्या कोर्सला गेलं, तर पदवी हातात येईपर्यंत ही मर्यादा उलटून गेलेली असते. विद्यार्थी व्हिसाचं शुल्कही जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाही.

युरोप: जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहता येतं. आयर्लंडमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांपर्यंत मुदत मिळते. फ्रान्स, जर्मनी किंवा स्पेनमध्ये अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी तिथल्या बहुतेक नोकऱ्यांना स्थानिक भाषा लागते. दहा महिन्यांच्या कोर्समध्ये अभ्यास, नोकरीचा शोध आणि फ्रेंच, हे तिन्ही एकाच वेळी सांभाळणं अवघड जातं.

एक वर्ष की दोन वर्षं?

अमेरिकेतला पारंपरिक एमबीए दोन वर्षांचा असतो. फ्रान्स, सिंगापूर आणि अबुधाबीत कॅम्पस असलेल्या इन्सिआडचा एमबीए दहा महिन्यांचा आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तो एका वर्षाचा आहे. लंडन बिझनेस स्कूलमध्ये १५ ते २१ महिन्यांचा पर्याय आहे.

एका वर्षाच्या कोर्समध्ये फी एकदाच आणि पगार बुडतो तोही एकच वर्ष. पण दोन वर्षांच्या कोर्समध्ये मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते आणि अनेकांना पक्की नोकरी तिथूनच मिळते. सॉफ्टवेअरमधून थेट बँकिंगमध्ये जायचं असेल, म्हणजे क्षेत्रच बदलायचं असेल, तर ही इंटर्नशिप फार उपयोगी पडते. त्याच क्षेत्रात वरच्या पदावर जायचं असेल किंवा घरचा व्यवसाय सांभाळायचा असेल, तर एका वर्षाचा कोर्स पुरतो.

हप्त्याचा हिशोब

हार्वर्ड बिझनेस स्कूलची २०२४-२५ ची फी वर्षाला ७६,४१० डॉलर होती. राहणं, जेवण आणि विमा धरला की एका वर्षाचा खर्च सव्वा लाख डॉलरच्या आसपास जातो. इन्सिआडची फी एक लाख युरोच्या वर आहे. ऑक्सफर्डमध्ये ती ८० हजार पौंडांच्या आसपास आहे. तुलनेसाठी, हैदराबाद आणि मोहालीत कॅम्पस असलेल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचा खर्च ४० लाख रुपयांच्या आसपास आहे.

आता एक उदाहरण. समजा शिष्यवृत्ती आणि घरची बचत वजा करून ८० लाखांचं कर्ज घ्यावं लागलं. व्याजदर ११ टक्के. निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला आणि निम्मी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उचलली. हप्ते अडीच वर्षांनी सुरू होणार. या काळात हप्ता नसला तरी व्याज चढत असतं आणि सरळव्याजानेही ते १७ लाख ६० हजार होतं. ते मुद्दलात मिळवलं की परतफेडीच्या सुरुवातीला कर्ज ९७ लाख ६० हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ३४ हजार रुपये.

अमेरिकेत वर्षाला दीड लाख डॉलरची नोकरी मिळाली, तर डॉलरला ९० रुपये धरून हा हप्ता साधारण दीड हजार डॉलर होतो. महिन्याचा करपूर्व पगार साडेबारा हजार डॉलर असेल, तर तो जड नाही.

पण दोन वर्षांनी लॉटरीत नाव आलं नाही आणि मुंबईत ३५ लाखांच्या पॅकेजवर परतावं लागलं तर? कर आणि भविष्य निर्वाह निधी वजा जाता हातात साधारण सव्वादोन लाख रुपये येतील. त्यातले १ लाख ३४ हजार हप्त्यात जातील. उरलेल्या नव्वद हजारांत मुंबईतलं भाडं आणि घरखर्च भागवायचा.

त्याऐवजी एका वर्षाच्या कोर्ससाठी ६० लाखांचं कर्ज घेतलं आणि दीड वर्षाने हप्ते सुरू झाले, तर त्याच व्याजदराने हप्ता सुमारे ९६ हजारांवर येतो. कमी आहे, पण तोही लहान नाही.

रुपयाची घसरण हा यातला आणखी एक भाग. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर पहिल्यांदाच ९० रुपयांच्या पुढे गेला. ऑफर आली तेव्हा ८५ चा दर धरून हिशोब केला असेल आणि दुसऱ्या वर्षाची फी भरताना तो ९० असेल, तर दर एक लाख डॉलरमागे पाच लाख रुपये जास्त लागतात. त्यामुळे कर्ज मंजूर करून घेताना पाच ते दहा टक्के वाव ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

तारण, कर आणि शिष्यवृत्ती

सरकारी बँका मोठ्या रकमेसाठी सहसा घर, जमीन किंवा मुदत ठेव तारण मागतात. नामांकित कॉलेजांच्या ठरावीक यादीसाठी काही बँका विनातारण कर्जही देतात. बिगरबँक वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात, पण त्यांचा व्याजदर जास्त असतो आणि काही वेळा शिक्षण सुरू असतानाच व्याजाचा काही भाग भरावा लागतो. केंद्र सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे. परदेशातल्या शिक्षणाला ती लागू नाही.

कराच्या बाबतीत दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी फी भरली, तर त्यावर टीसीएस लागत नाही. स्वतःच्या बचतीतून वर्षाला दहा लाखांपेक्षा जास्त पाठवले, तर वरच्या रकमेवर तो लागतो. विवरणपत्र भरताना तो वळता करता येतो, पण तोपर्यंत रक्कम अडकते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत मिळणारी वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे.

महाराष्ट्र सरकारच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यात क्यूएसच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीतलं स्थान ही अट असते. इथे एक मेख आहे. ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठांची असते. इन्सिआड किंवा लंडन बिझनेस स्कूलसारख्या एकाच विषयाच्या संस्था एमबीएच्या याद्यांत वर असल्या, तरी या सर्वसाधारण क्रमवारीत नसतात. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीतली अट नीट वाचायला हवी. १८९२ मध्ये सुरू झालेली मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट ही संस्था परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते. तीही तपासता येते.

कॉलेजची स्वतःची शिष्यवृत्ती सगळ्यात मोठी असू शकते. हार्वर्डसारख्या काही ठिकाणी ती प्रामुख्याने आर्थिक गरजेवर मिळते, तर अनेक ठिकाणी गुणवत्तेवर. दोन ऑफर हातात असतील तर एका कॉलेजला दुसऱ्याच्या शिष्यवृत्तीची माहिती देऊन रक्कम वाढवून मागता येते. त्यात गैर काही नाही.

'मोफत' सल्ला किती मोफत?

ठाणे, नाशिक, कोल्हापूरपासून पणजीपर्यंत परदेशी शिक्षणाचं मोफत मार्गदर्शन करणारी कार्यालयं दिसतात. यातल्या अनेकांचं उत्पन्न विद्यापीठांकडून मिळणाऱ्या कमिशनमधून येतं. विद्यार्थ्याने प्रवेश घेतला की त्यांना पैसे मिळतात. यात बेकायदेशीर काही नाही, पण कमिशन न देणाऱ्या कॉलेजचं नाव अशा ठिकाणी क्वचितच सुचवलं जातं. 'या कॉलेजकडून तुम्हाला कमिशन मिळतं का?' हा प्रश्न सुरुवातीलाच विचारलेला बरा.

त्याहून भरवशाची माहिती त्या कॉलेजमधून गेल्या एक-दोन वर्षांत बाहेर पडलेल्या भारतीय विद्यार्थ्यांकडून मिळते. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या नातेवाइकाचा अनुभव खरा असतो, पण त्याच्या वेळचे नियम आता राहिलेले नाहीत.

मग ठरवायचं कसं?

यादीतल्या प्रत्येक कॉलेजसमोर चार आकडे लिहून पाहता येतात. शिष्यवृत्ती वजा जाता एकूण खर्च. हप्ते सुरू होतील त्या दिवशीची कर्जाची रक्कम. पदवीनंतर त्या देशात काम करायला मिळणारे महिने. आणि परत यावं लागलं तर भारतात मिळू शकणाऱ्या पगारातून हप्त्याला जाणारा वाटा.

चौथा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत, कारण परतण्याचा विचार जाण्याआधी करणं अपशकुनी वाटतं. पण तोच आकडा सगळ्यात जास्त सांगतो. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसत असेल, तर परतावं लागलं तरी घर सावरतं. तो निम्म्याच्या वर जात असेल, तर सगळा डाव एका व्हिसावर लागलेला आहे. अशा वेळी कमी क्रमांकाचं पण मोठी शिष्यवृत्ती देणारं कॉलेज, छोटा कोर्स किंवा भारतातला पर्याय यांचा पुन्हा विचार करता येतो. एक वर्ष थांबून, बचत वाढवून, चांगल्या स्कोअरसह पुन्हा अर्जही करता येतो. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं ग्राह्य असतो.

ज्याला कंपनीच पाठवते आहे किंवा ज्याच्यावर कर्जच नाही, त्याने हे गणित बाजूला ठेवून सगळ्यात मोठ्या नावाच्या कॉलेजला जावं. त्याच्यासाठी तिथलं शिक्षण आणि ओळखी आयुष्यभराच्या आहेत. मात्र फ्लॅटचे कागद बँकेत ठेवून जाणाऱ्यासाठी हिशोब वेगळा आहे.

हिंजवडीच्या त्या घरात वडिलांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त अर्धा होता. सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी त्यांनी मुलाला आणखी एक गोष्ट विचारायला हवी. "तू दोन वर्षांनी परत आलास, तर हा हप्ता आपल्याला झेपेल ना?" या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता आलं, तर तिन्हींपैकी कोणतं पत्र स्वीकारायचं हे ठरवणं बरंच सोपं होतं.